भाच्याने केलेला चार्जर इस्त्रीसारखा तापतोय, काय करू?

शिवणघर:
नमस्कार मंडळी. मी भुसावळला घरीच ब्लाउज शिवते. मशीन पायाचं आहे, त्यामुळे लाईट गेली तरी काम अडत नाही, अडतं ते उजेडावाचून. म्हणून १२ व्होल्ट ७ एएचची (अँपिअर-तासांची) सीलबंद बॅटरी घेतली. तिच्यावर एलईडी पट्टी आणि राऊटर चालतो. चार्जर भाच्याने करून दिलाय, आयटीआयला होता तेव्हा. आता तो पुण्याला नोकरीला. फोन केला की "मावशी, पंखा लाव त्याला" म्हणतो आणि ठेवून देतो.

चार्जर श्रीखंडाच्या प्लास्टिकच्या डब्यात बसवलाय. आत ट्रान्सफॉर्मर (त्यावर ०-१८, २ अँपिअर लिहिलंय), चार डायोड, एक मोठा कपॅसिटर आणि एलएम ३१७ नावाची तीन पायांची आयसी. आयसीच्या पाठीला बोटाच्या दोन पेरांएवढा अॅल्युमिनियमचा पत्रा. झाकणाला तापत्या सोल्डरिंगने सात भोकं पाडलीत, रांगोळीच्या ठिपक्यांसारखी.

थंडीत काही तक्रार नव्हती. आता मे महिना, दुपारी खोलीतच ४१. चार्जर लावला की पंधरा मिनिटांत डबा मऊ पडायला लागतो. तापमान मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही, पण इस्त्रीचा हात आहे. पत्र्याला ओलं बोट लावलं तर चर्र झालं, म्हणजे सुती कापडाच्या खुणेवर इस्त्री असते तितका. अँमीटरचा काटा ०.९ वर असतो, मधेच खाली पडतो, पुन्हा चढतो. सकाळपर्यंत बॅटरी भरत नाही. मल्टिमीटरने मोजून मापाच्या वहीत लिहिलंय: चार्जिंग चालू असताना कपॅसिटरवर २२ व्होल्ट, बॅटरीवर १२.५. डबा स्टीलचा करू का?

वाऱ्यावरची_वरात:
कॉम्प्युटरचा जुना ८० एमएमचा पंखा झाकणावर बसवा. १२ व्होल्टवरच चालतो. विषय संपला.

शिवणघर:
दादा, माझ्या खोलीत रोज संध्याकाळी मूठभर दोरे आणि कापडाचा भुसा निघतो. टेबलफॅनची जाळी आठवड्याला धुवावी लागते. तो एवढासा पंखा पंधरा दिवसांत गुदमरेल, आणि बंद पडलेला मला कळणारही नाही.

जुना_रेडिओवाला:
ताई, पहिलं म्हणजे ओलं बोट आत घालू नका. त्याच डब्यात २३० व्होल्ट आहेत. दुसरं, स्टीलचा डबा अजिबात नको. अर्थिंगची वायर नीट जोडता येत नसेल तर धातूच्या डब्याला हात लावणं म्हणजे जुगार.

आता तुमच्या वहीतला हिशोब. ३१७ चं काम व्होल्टेज बांधून ठेवणं, जास्तीचं ती उष्णता करून जाळते. आयसीत २२ व्होल्ट येतात, पुढे १२.५ जातात. मधले साडेनऊ आयसी गिळते. गुणिले ०.९ अँपिअर, म्हणजे साडेआठ वॅटची नुसती उष्णता. तेवढासा पत्रा एका वॅटला वीसेक अंश तरी तापतो. साडेआठला १७०, वर खोलीचे ४१. तिथवर पोचण्याआधीच आयसी स्वतःला वाचवायला हात आखडता घेते, निवली की पुन्हा सुरू. तुमचा काटा त्यामुळे पडतो. चार्जर बिघडलेला नाही, जीव मुठीत धरून काम करतोय.

पत्रा मोठा करालच, पण आधी ट्रान्सफॉर्मर बदला. ०-१५ व्होल्ट, २ अँपिअरचा घ्या. कपॅसिटरवर साडेसतराच्या आसपास येतील आणि उष्णता जवळजवळ निम्मी होईल. दुकानदार १ अँपिअरचा गळ्यात मारेल, घेऊ नका. डीसीचे ०.९ काढताना ट्रान्सफॉर्मरवर दीडच्या वर भार पडतो, मग तोच तापेल. कपॅसिटर २२०० चा असेल तर ४७०० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्टचा टाका. नाहीतर व्होल्टेज कमी असेल तेव्हा आयसीला आउटपुटपेक्षा जे अडीच व्होल्ट जास्त लागतात ते मिळणार नाहीत.

पत्र्यासाठी स्लायडिंग खिडक्या करणाऱ्याकडे जा, सेक्शनचा, म्हणजे खोबणीवाल्या अॅल्युमिनियम पट्टीचा, वीतभर तुकडा भंगाराच्या भावात देईल. तो डब्याच्या बाहेर, उभा बसवा, म्हणजे गरम हवा खोबणीतून वर सरकेल. बाहेरून काळ्या रंगाचा पातळ हात द्या. चकचकीत अॅल्युमिनियम उष्णता फेकायला फार कंजूष. जिथे आयसी टेकते तिथे मात्र रंग नको. तिथे अभ्रकाची चकती, दोन्ही बाजूंना हीटसिंक पेस्टचा पुसट थर, आणि स्क्रूला प्लास्टिकचं बुश. या आयसीची पाठ म्हणजे आउटपुटच, ती उघड्या पत्र्याला जोडू नये. पेस्ट जाड थापली तर फायद्याऐवजी अडथळाच होतो.

आयटीआय_मास्तर:
रेडिओवाल्यांचं बरोबर. नवं काही घ्यायचंच तर एलएम २५९६ चं तयार मॉड्यूलही बघा, करंट आणि व्होल्टेज दोन्ही बांधता येणारं. ते जास्तीचं व्होल्टेज जाळत नाही, त्यामुळे १८ च्या ट्रान्सफॉर्मरवरही दोनेक वॅटच वाया जातात. फक्त पुढे एक डायोड टाका, नाहीतर लाईट गेल्यावर बॅटरी उलटी मॉड्यूलमध्ये रिकामी होते.

आणि चार्जर बॅटरीच्या डोक्यावर ठेवला असेल तर आजच हलवा. या बॅटऱ्यांचं आयुष्य दर १० अंशांना साधारण निम्मं होतं. सतत लावून ठेवत असाल तर १३.८ व्होल्ट ही सेटिंग २५ अंशांसाठी आहे. तुमच्या उन्हाळ्यात साडेतेरा पुरे.

शिवणघर:
बॅटरीच्या डोक्यावरच होता! कसं ओळखलंत?

(नऊ दिवसांनी)

शिवणघर:
मॉड्यूलच्या वाटेला गेले नाही. भाच्याचं काम मोडायला जीव होईना. ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर गल्लीतल्या टीव्हीवाल्याने बदलून दिले, ३१७ शेजारचा बारका स्क्रू फिरवून साडेतेरावर आणलं. प्लास्टिकच्या डब्याऐवजी वायरमनकडचा जाड पीव्हीसी बॉक्स, २३० च्या वायरीला फ्यूज. सेक्शनच्या तुकड्याला काळा हात मीच दिला, ब्रश नव्हता म्हणून चिंधीने. बॉक्सखाली दोऱ्याची चार रिकामी रिळं चिकटवली, म्हणजे खालून हवा जाते. कापडाच्या गठ्ठ्यापासून लांब, भिंतीजवळच्या फळीवर ठेवलाय.

कपॅसिटरवर १७.६. काटा ०.९ वर ठाम, पहाटे चार वाजता पाहिला तर ०.१, म्हणजे बॅटरी भरली. आता बाहेरच्या पत्र्याला (कोरडंच) बोट लावून पाच मोजता येतात. इस्त्रीच्या भाषेत रेशमाच्याही खाली. पण चार डायोड अजून चांगलेच गरम लागतात, म्हणजे झाकण उघडलं तेव्हा तसं जाणवलं. प्लग काढून, रागावू नका.

जुना_रेडिओवाला:
डायोड ४००७ नंबरचे असणार. ते १ अँपिअरचे, बंद बॉक्समध्ये गरम लागणारच. ५४०८ टाका, ३ अँपिअरचे. बोर्डापासून थोडे उचलून जोडायला सांगा, म्हणजे खालूनही हवा खेळते.

शिवणघर:
भाचा रविवारी येतोय, चार ५४०८ आणायला सांगितलेत. डबा कुठे गेला विचारणार तो. त्यात आता हुक आणि बटणं आहेत.