आपत्तीत फ्रिज बंद पडला, तर इन्सुलिन टाकून द्यायचं का?

सावली:
पूर असो, वादळ असो की भूकंप, आधी वीज जाते. मग कुणीतरी हमखास सांगतं, ‘इन्सुलिन गरम झालं, आता ते पाणीच, फेकून द्या.’ माझा याला ठाम विरोध आहे. न उघडलेली बाटली २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची, हे बरोबर. पण बहुतेक इन्सुलिन ३० अंशांच्या आत असेल, तर फ्रिजबाहेरही साधारण २८ दिवस चालतं. त्याहून जास्त उष्णतेत गुण कमी होत जातो, पण म्हणून एका दुपारीत त्याचं पाणी होत नाही. टाइप १ मधुमेहात शरीर स्वतः इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही; अशा माणसाचं इन्सुलिन पूर्ण थांबलं, तर एक-दोन दिवसांतच कीटोअ‍ॅसिडोसिस (रक्तात आम्ल साठणं) होऊन जिवावर बेतू शकतं. नवी बाटली हातात पडेपर्यंत जुनी टाकायची नाही.

वाटसरू:
सरसकट असं सांगणं मला धोक्याचं वाटतं. गुण उतरलेलं इन्सुलिन दिसायला अगदी नेहमीसारखं असू शकतं. साखर उतरत नाही म्हणून माणूस डोस वाढवतो. चार दिवसांनी मदतीतून ताजी बाटली येते, तो वाढवलेलाच डोस घेतो आणि साखर धाडकन खाली येते. शिवाय लोक बाटली थेट बर्फात खुपसतात. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर कितीही चांगलं दिसलं, तरी ते बादच.

सावली:
गोठलेलं टाकायचं, याबद्दल वाद नाही. म्हणूनच बर्फापेक्षा ओल्या फडक्यात गुंडाळलेलं मडकं बरं. पाणी उडून जाताना आतला भाग गार राहतो. पण तुम्ही म्हणता तो धोका मोजून, सावधपणे टाळता येतो. इन्सुलिनच नसेल तर काय मोजणार?

आरोही:
तुम्ही दोघं तापमानावरच अडून बसला आहात. मदत छावणीत बाटली एकीकडून येते आणि सिरिंज दुसरीकडून, मला त्याची जास्त भीती वाटते. काही बाटल्यांत १ मिलीला ४० युनिट असतात, काहींत १००. शंभरच्या बाटलीतलं इन्सुलिन चाळीसच्या सिरिंजमध्ये १० च्या खुणेपर्यंत भरलं, तर अंगात २५ युनिट जातात. अर्धपोटी माणसाला अडीचपट डोस! बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा शेजारी धरून वाचल्याशिवाय कुणी टोचून घेऊ नये, छावणीतल्या स्वयंसेवकांनाही हे शिकवलं पाहिजे.

अंजन:
आणि गोळ्यांचं काय? ‘औषध चुकवू नका’ हा सल्ला इथे सगळ्यांना सारखा लागू होत नाही. साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी घेतली आणि जेवण मिळालं नाही, तर रक्तातली साखर ७० मिग्रॅ/डेसीलिटरच्या खाली, म्हणजे धोक्याइतकी कमी होऊ शकते. लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी डॅपाग्लिफ्लोझिनसारखी औषधं जुलाब-उलट्या होत असताना किंवा पाणी मिळत नसताना तात्पुरती थांबवावी लागतात. टाइप १ मध्ये मात्र जेवण नसलं तरी दीर्घकाळ चालणारं इन्सुलिन बंद करायचं नाही. हे सगळं आपल्या डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावं. पाणी दारात आल्यावर फोन लागत नाहीत.

वाटसरू:
अंजनशी पूर्ण सहमत. सावली, दुसरं काहीच नसेल तर जुनी बाटली वापरायची, हे मलाही पटतं, पण ग्लुकोमीटर (साखर मोजायचं यंत्र) आणि त्याच्या कोरड्या, झाकण घट्ट असलेल्या डबीतल्या पट्ट्या जवळ असतील तरच. ताजी बाटली आली की डोस पुन्हा डॉक्टरांना विचारून ठरवायचा.

सावली:
पट्ट्या भिजल्या तरी मी बाटली टाकणार नाही. फार तहान, सारखी लघवी, मळमळ, जोरजोरात श्वास अशी लक्षणं दिसली, की छावणीत थांबायचं नाही. मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठायचं.