डीसीएसमधलं स्पिटफायर: धावपट्टीवरच पंख टेकतो, मस्टँग मात्र सरळ जातं

चाकण_ते_आकाश

डीसीएस या विमान सिम्युलेटरमध्ये स्पिटफायर एलएफ मार्क ९ (दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान) चालवायला घेतलंय. टेकऑफला विमान डावीकडे ओढतं, इथवर समजतं. पण उजवं पेडल दाबून सरळ करायला गेलं की मधूनच एक पंख धाडकन खाली जातो आणि टोक जमिनीला घासतं. कधी पंख सरळ राहतो, पण नाक खाली जाऊन पंख्याची पाती धावपट्टी खोदतात. हीच काठी आणि हीच पेडलं वापरून पी-५१ मस्टँग व्यवस्थित उडतं.

सेटअप: हॉल सेन्सरची काठी, वेगळं थ्रॉटल, टो-ब्रेकवाली (चवड्याने दाबायचे ब्रेक असलेली) पेडलं. तिन्ही ॲक्सिसला कर्व्ह (मध्याजवळची हालचाल मवाळ करणारी सेटिंग) शून्य, डेडझोन (मध्याजवळचा मुका भाग) शून्य. टेकऑफ असिस्टन्स १०० (हात लावलेला नाही). वारा शून्य. रडर (उभ्या शेपटीवरचं सुकाणू) ट्रिम मध्यावर. थ्रॉटल एका दमात पुढे, बूस्ट (इंजिनात भरलेल्या हवेचा दाब) +१२.

दुसरा प्रश्न. वर गेल्यावर सात-आठ मिनिटांत इंजिन खडखडतं आणि बंद पडतं. तेव्हा बूस्ट +१२, आरपीएम २४००, कूलंट ११० अंशांच्या आसपास. म्हणजे तापलेलं नाही. हा बग की मर्लिन (स्पिटफायरचं इंजिन) खरंच इतकं नाजूक?

---

शेपटीचाक

आधी ओढीबद्दल, कारण ती एका कारणाने होत नाही. मर्लिनचा पंखा कॉकपिटमधून पाहिलं तर घड्याळाच्या दिशेने फिरतो. त्यामुळे चार गोष्टी एकाच बाजूला ढकलतात:

इंजिनाचा टॉर्क डावा पंख खाली दाबतो, डाव्या चाकावर वजन वाढतं आणि ते जास्त घासतं. पंख्याची पिळलेली हवा उभ्या शेपटीवर डावीकडून आदळते. शेपूट खाली असताना उजवीकडून उतरणारं पातं जास्त खेचतं. आणि शेपूट उचलता त्या क्षणी पंखा जायरोसारखा (फिरत्या भोवऱ्यासारखा) वागून नाक आणखी डावीकडे फेकतो. शेवटचं बहुतेकांच्या लक्षात येत नाही. शेपूट जितक्या झटक्यात उचलाल तितका तो फटका मोठा.

त्यात स्पिटफायरच्या दोन चाकांमधलं अंतर सहा फुटांपेक्षा कमी, आणि शेपटीचं चाक मोकळं फिरणारं. मस्टँगमध्ये काठी मागे धरली की शेपटीचं चाक अडकतं आणि पेडलबरोबर जेमतेम सहा अंश वळतं, मुख्य चाकंही चांगली लांब लांब आहेत. म्हणून मस्टँगच्या सवयी इथे चालत नाहीत.

करायचं असं. रडर ट्रिम पूर्ण उजवीकडे. एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारा भाग) ट्रिम एक घर नाक खाली. फ्लॅप बंद; याच्या फ्लॅपला पूर्ण वर किंवा पूर्ण खाली एवढ्याच दोन जागा आहेत, त्यामुळे टेकऑफला वापरायचा प्रश्नच नाही. आरपीएम लिव्हर पूर्ण पुढे. पाच-दहा मीटर सरळ पुढे सरकून शेपटीचं चाक रेषेत आणा, हे टाळलंत तर पहिल्या सेकंदालाच वाकडं जाल. मग बूस्ट शून्य, +४, +७ असा चढवत न्या, पाच-सहा सेकंद घ्या. +७ वर विमान आरामात उडतं, +१२ ची गरज नाही. काठी किंचित उजवीकडे. शेपूट आपोआप हलकी होऊ द्या, ढकलू नका. पंख्याची पाती आणि जमीन यांत फार जागा नसते. ताशी नव्वद-शंभर मैलांवर ते स्वतःच उचलतं.

पेडल दाबून धरू नका. टोचा, सोडा, टोचा. नाक सरळ होण्याआधी पाय सैल करावा लागतो, नाहीतर ते उजवीकडे पलटतं आणि मग डावा पंख... पुढचं तुम्हाला माहीत आहे.

---

वायरमन_दादा

वरचं सगळं बरोबर, पण मूळ पोस्टमधला “धाडकन” हा शब्द सोडू नका. टॉर्कने पंख हळूहळू दबतो, धाडकन नाही. त्यात कधी पंख तर कधी नाक. मला हे बाइंडिंगचं (काठी-पेडलांची हालचाल विमानाच्या कुठल्या नियंत्रणाला जोडली आहे, त्याचं) काम वाटतंय.

डीसीएस नवीन यंत्र दिसलं की त्याच्या ॲक्सिस स्वतःहून जोडून टाकतं: एक्स म्हणजे रोल (पंख झुकणं), वाय म्हणजे पिच (नाक वर-खाली), आरझेड म्हणजे रडर. पेडलांच्या एक्स आणि वाय म्हणजे बहुधा दोन टो-ब्रेक. म्हणजे तुमचा एक टो-ब्रेक ऐलरॉनला (रोलला) आणि दुसरा एलिव्हेटरला चिकटलेला असणार. पेडल जोरात दाबताना चवड्याचा भार टो-ब्रेकवर येतो आणि विमान डोलतं.

मस्टँगमध्ये का होत नाही? तिथे डावा-उजवा ब्रेक असे वेगळे ॲक्सिस आहेत. तुम्ही टो-ब्रेक तिथे जोडलेत तेव्हा जुनं जोडकाम आपोआप सुटलं. स्पिटफायरला टो-ब्रेक नाहीतच. काठीवर एकच ब्रेकची मूठ आणि कुठलं चाक धरायचं ते रडर ठरवतं. त्यामुळे टो-ब्रेक कशालाच न जोडता तुम्ही पुढे गेलात आणि मूळ जोडकाम तसंच राहिलं. बाइंडिंग प्रत्येक विमानाचं स्वतंत्र असतं, हे लक्षात असू द्या.

तपासायला: विमान धावपट्टीवर उभं करा, राइट कंट्रोल + एंटर दाबा. कोपऱ्यात काठीची चौकट आणि खाली रडरची रेघ दिसेल. काठीला हात न लावता फक्त टो-ब्रेक दाबा. चौकटीतली खूण हलली की चोर सापडला.

दुरुस्ती: ऑप्शन्स, कंट्रोल्स, वर विमान स्पिटफायर निवडा, वर्ग “ॲक्सिस कमांड्स”. पेडलांच्या रकान्यात रडर सोडून सगळं पुसा. थ्रॉटलच्या रकान्यातही हेच बघा, तिथल्या छोट्या मिनी-स्टिकच्या ॲक्सिस पिच-रोलला चिकटलेल्या असतात. मग एक टो-ब्रेक “व्हील ब्रेक”ला जोडा आणि त्याला सुरुवातीला ५ डेडझोन द्या, “स्लायडर”वर खूण करून. ब्रेकमध्ये चार-पाच टक्के गळती राहिली तर उजवं पेडल दाबताच उजवं चाक धरलं जातं आणि पुन्हा तोच गोंधळ.

यूएसबीची जागा बदलली किंवा विंडोज नव्याने टाकलं तर यंत्राची ओळख बदलू शकते आणि डीसीएस पुन्हा मूळ जोडकाम लावतं. म्हणून सेव्ह्ड गेम्समधल्या डीसीएस फोल्डरातलं कॉन्फिग, त्यातलं इनपुट, एवढं जपून ठेवा.

---

मर्लिन६६

इंजिनाचं उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. +१२ बूस्टला २४०० आरपीएम ही जोडी कुठल्याच तक्त्यात बसत नाही. या विमानातल्या मर्लिन ६६ च्या मर्यादा अशा:

लढाई: ३००० आरपीएम, +१८, पाच मिनिटं, कूलंट १३५ पर्यंत.
चढाई: २८५०, +१२, एक तास, कूलंट १२५.
सलग: २६५०, +७, कूलंट १०५ (थोडा वेळ ११५ चालतं).

आरपीएम कमी आणि बूस्ट जास्त म्हणजे चढावर पाचव्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबून धरणं. सिलिंडरमध्ये दाब साठतो, मिश्रण वेळेआधी भडकतं, पिस्टन आणि बेअरिंग मार खातात. हा मार तापमानाच्या काट्यावर दिसेलच असं नाही, म्हणून ११० बघून निर्धास्त राहिलात. क्रम पाठ करा: ताकद वाढवताना आधी आरपीएम मग बूस्ट, कमी करताना आधी बूस्ट मग आरपीएम. आरपीएमला ॲक्सिस जोडलेला नसेल तर आधी तो जोडा, कीबोर्डवरून हे नीट जमत नाही.

रेडिएटरच्या झडपा या मार्कमध्ये थर्मोस्टॅटवर आपोआप उघडतात. पण जमिनीवर उभ्या विमानाला वारा कुठला? जास्त वेळ टॅक्सी केलीत तर १०५ वरूनच टेकऑफ सुरू होतो आणि चढाईत उकळी फुटते. ताशी १८० मैलांखाली लांब चढाई करू नका.

ब्रेक वारंवार दाबून हवेची टाकी रिकामी करू नका, हेही यातच सांगतो. ब्रेक, फ्लॅप आणि तोफा तिन्ही त्याच हवेवर चालतात.

---

नेमका_नट

दोन मुद्द्यांवर थोडा वेगळा विचार.

टेकऑफ असिस्टन्स १०० वर ठेवून शिकू नये. तो तुमच्या नकळत रडर देतो, तुम्हीही देता, दोघं मिळून जास्त होतं. ऑप्शन्समध्ये स्पेशल टॅबवर स्पिटफायर उघडा, “ऑटो रडर”ची खूण काढा आणि स्लायडर सरळ शून्यावर आणा. वीस-पंचवीस प्रयत्न फुकट जातील, जाऊ देत.

कर्व्ह शून्य हा हट्ट टेबलवरच्या काठीला परवडत नाही. खऱ्या विमानाची काठी लांब आहे, हाताची तेवढी हालचाल तुमच्या काठीला कुठून मिळणार? पिचला १५ ते २० द्या, एलिव्हेटर फारच हलका आहे. रोलला १०. रडरला मात्र मी कर्व्ह देणार नाही, ओढ धरताना टोकाकडचं रडर सरळ रेषेतच हवं.

---

शेपटीचाक

रडरच्या कर्व्हबद्दल असहमत. स्वस्त पेडलांची स्प्रिंग मध्यावर अडखळते, तिथून पाय सुटला की उडी बसते. १० ते १५ कर्व्हने ती उडी मवाळ होते. पेडल गुळगुळीत असतील तर शून्य ठीक. असिस्टन्सही १०० वरून ५०, मग ०. एकदम शून्याने माणूस स्पिटफायर सोडून जेट उडवायला जातो.

---

वायरमन_दादा

यात ट्विस्टवाल्या (पिळून रडर देणाऱ्या) काठीचं राहिलं. काठीचे बाकी सेन्सर हॉलचे असले तरी ट्विस्टला बऱ्याचदा साधा पॉट (घासून चालणारा पोटेन्शिओमीटर) असतो. धूळ किंवा पावसाळी दमट हवा लागली की तो थरथरतो, रेघ जागच्या जागी नाचते. आधी कॉन्टॅक्ट क्लीनर मारून चाळीस-पन्नास वेळा या टोकापासून त्या टोकाला फिरवा. डेडझोन हा शेवटचा उपाय, कारण तेवढा भाग कायमचा मुका होतो.

उडताना काठी मध्येच “मरत” असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवण्याची खूण काढा.

---

चाकण_ते_आकाश

वायरमन_दादा, खूण हलली. डावा टो-ब्रेक रोलला, उजवा पिचला जोडलेला होता. थ्रॉटलची मिनी-स्टिकही रोलला. सगळं पुसलं. रडर ट्रिम पूर्ण उजवीकडे, असिस्टन्स ५०, बूस्ट +७: दहापैकी सात टेकऑफ नीट, तीन वाकडे पण पंख एकदाही टेकला नाही. २६५० आणि +७ वर चाळीस मिनिटं इंजिनाची कुरकुर नाही.

एकच उरलं. काठी झटक्यात पुढे ढकलली तर स्पिटफायरचं इंजिन अडखळतं असं ऐकलं होतं. इथे तसं होत नाही. मॉडेल सौम्य केलंय का?

---

मर्लिन६६

नाही, मार्क ९ साठी हेच बरोबर आहे. ते अडखळणं तरंगत्या फ्लोटच्या कार्ब्युरेटरचं. १९४० च्या मार्क १ मध्ये काठी पुढे ढकलली की इंधन वाटीच्या छताला जातं, जेट कोरडे पडतात आणि इंजिन क्षणभर उपाशी. ते तसंच धरून ठेवलं तर फ्लोट उलटा पडतो, झडप उघडी राहते, इंधन भरमसाट येतं आणि इंजिन गुदमरतं. जर्मन बीएफ १०९ च्या डीबी ६०१ इंजिनात इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारलं जायचं, म्हणून ते विमान नाक खाली करून सटकायचं.

१९४१ मध्ये फार्नबरोच्या ब्रिटिश विमान संशोधन केंद्रातल्या बिअ‍ॅट्रिस शिलिंग यांनी इंधनवाटेत नेमक्या मापाच्या भोकाची चकती बसवली. इंजिनाला लागेल तेवढंच इंधन त्यातून जातं, त्यामुळे गुदमरणं बरंच आटोक्यात आलं. मर्लिन ६६ वर तर बेंडिक्स-स्ट्रॉमबर्गचा दाबावर चालणारा कार्ब्युरेटर आहे, त्यात फ्लोटची वाटीच नाही.

अडखळणं अनुभवायचं असेल तर “क्लिफ्स ऑफ डोव्हर” या दुसऱ्या सिम्युलेटरमधलं मार्क १ घ्या. तिथे १०९ च्या मागे डुबकी मारताना आधी अर्धा पलटा घ्या आणि काठी मागे ओढा, म्हणजे इंधन वाटीच्या तळाशीच राहतं. आणि इल-२ ग्रेट बॅटल्समधल्या मार्क १४ वर बसलात तर रडर ट्रिम डावीकडे लागेल, त्यातल्या ग्रिफन इंजिनाचा पंखा उलटा फिरतो.