लघवीतले रक्त आपोआप थांबले तरी

लघवीत एकदाच रक्त दिसले आणि दोन दिवसांत थांबले, तेव्हा ती अंगातली उष्णताच असावी, असे लघवीतल्या रक्ताबद्दलच्या एका लेखात म्हटले आहे. ते मला पटत नाही. मूत्राशयाच्या कर्करोगात रक्त बहुधा न दुखता आणि मधूनमधूनच जाते, त्यामुळे ते थांबले म्हणजे कारण दूर झाले, असे होत नाही. माझ्या काकांनी पहिल्या वेळचा दोष रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर टाकला आणि तीन महिने घालवले. पुढे मूत्रमार्गातून बारीक दुर्बीण घालून मूत्राशयात पाहिले, तेव्हा पडद्यावर शेवाळासारखी हलणारी लहानशी गाठ दिसली. ती वरच्या थरातच होती म्हणून मूत्रमार्गातूनच खरवडून काढता आली. अशा गोळ्या चालू असल्या तरी तपासणी टाळू नये.

त्याच लेखात प्रतिबंधाबद्दल बोलताना धूम्रपानाचा उल्लेख फुप्फुसांपुरताच झाला आहे. वास्तविक धुरातील घातक रसायने मूत्रपिंडांतून गाळली जाऊन लघवीत उतरतात आणि मूत्राशयाच्या अस्तराला तासन्‌तास लागून राहतात. रसायनांशी संपर्क येणाऱ्या रंगांच्या कारखान्यातील कामगारांमध्येही मूत्राशयाचा हा आजार आढळतो, हे तर जर्मन शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी १८९५ मध्येच नोंदवले होते.