मदत हवी आहे: काटापट्टीचा एकच तुकडा तीन साइटवर वापरायचा आहे, वेब कंपोनंट करू का?

पऱ्हाटी:

राम राम मंडळी. मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावात राहून वेबसाइटची कामं करतो. गिऱ्हाइकं आसपासचीच. एक जिनिंग, दोन कृषी केंद्रं, एक शेतकरी उत्पादक कंपनी. धागा लांबणार आहे, पण आधीचं सांगितलं नाही तर पहिला प्रतिसाद "फ्रेमवर्क कोणतं?" असाच येईल.

काम आहे कापसाच्या गाडीच्या काटापट्टीचं. भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, निव्वळ वजन, ओलावा, भाव, हमाली वजा जाऊन शेतकऱ्याच्या हाती पडणारी रक्कम. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्रावर ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण भाव, पुढच्या प्रत्येक टक्क्याला भावात टक्काभर कपात, आणि १२ च्या वर गेला तर माल घेतच नाहीत. खासगी व्यापारी आपल्या अंदाजानं काटतो, त्याला नियम विचारायची सोय नाही. म्हणून कपातीचे नियम बाहेरून देता आले पाहिजेत.

हा तुकडा तीन जागी लागतो. जिनिंगचं पान पीएचपी आणि जेक्वेरीचं, वरून बूटस्ट्रॅप. कंपनीची साइट वर्डप्रेसवर. तिसरं एक ॲप दुसऱ्या कुणीतरी रिॲक्ट १८ मध्ये केलेलं, तो नोकरीवर लागला आणि ॲप माझ्या गळ्यात आलं. आज तिन्हीकडे वेगवेगळा कोड आहे. हमालीचा दर बदलला की तीन ठिकाणी हात घाला.

सगळंच रिॲक्टमध्ये का नाही, तर माझा जीव त्या बिल्डच्या, म्हणजे कोडपासून चालवण्याजोग्या फाइली बांधायच्या, भानगडीला विटला आहे. ते ॲप क्रिएट रिॲक्ट ॲपच्या जुन्या आवृत्तीवर होतं, आत फाइली एकत्र बांधणारं वेबपॅक ४. कोडमध्ये काना-मात्रेचाही फरक नाही, फक्त नवा लॅपटॉप घेऊन त्यावर नवीन नोड (ही साधनं ज्यावर चालतात ते) टाकलं, तर बिल्डच होईना. शोधल्यावर कळलं की नोड १७ पासून ओपनएसएसएल ३ (एन्क्रिप्शनची लायब्ररी) आलं आणि वेबपॅक ४ जी जुनी हॅश पद्धत वापरतं ती तिथे चालत नाही. आता सांगा, कापूस मोजायच्या पानाचा आणि ओपनएसएसएलचा काय संबंध? २०२५ च्या फेब्रुवारीत क्रिएट रिॲक्ट ॲपलाच नव्या कामासाठी निवृत्त केल्याचं जाहीर झालं. शहरातल्या टीमला हे चालतं, तिथे साधनं अद्ययावत ठेवणं हेच एकाचं काम असतं. माझं गिऱ्हाईक एकदा पैसे देतं आणि पाच हंगाम पान चालावं अशी अपेक्षा ठेवतं. आणि त्याचं काही चुकतं असं मला वाटत नाही. त्यात मोबाइलच्या नेटवर नोड मॉड्यूल्स उतरवायचे म्हणजे लाइन जायच्या आत होईल का, ही धाकधूक.

म्हणून ब्राउझरमध्येच जे आहे ते, म्हणजे वेब कंपोनंट, वापरायचं ठरवलं. त्यातले कस्टम एलिमेंट, म्हणजे आपण नाव दिलेले आपलेच टॅग, क्रोममध्ये २०१६ पासून आहेत, फायरफॉक्समध्ये २०१८ पासून, सफारीतही चालतात. टॅगचं नाव देवनागरीत ठेवावं अशी हौस होती, पण पहिलं अक्षर रोमन, लहान लिपीतलंच लागतं आणि मध्ये आडवी रेघ सक्तीची. असो.

एलिमेंट तयार झाला, शॅडो डॉमसकट, म्हणजे आतली रचना बाकी पानापासून वेगळी ठेवणाऱ्या भिंतीसकट. आता अडलो ते इथे. फॉर्म सबमिट केला की पीएचपीकडे बाकीची सगळी खानी पोचतात, माझ्या एलिमेंटच्या आतली एकही पोचत नाही. आत बूटस्ट्रॅपचे क्लास दिले तरी खानी उघडीबोडकी दिसतात, फॉन्ट मात्र बाहेरचाच येतो, हे कसं? रिॲक्टमधून कपातीच्या नियमांचा ऑब्जेक्ट दिला तर आत "ऑब्जेक्ट ऑब्जेक्ट" एवढी अक्षरं येतात.

आणि सगळ्यात डोकं खाणारं हे. माझ्या लॅपटॉपवर भरलेली ३१.२०, रिकामी १२.७५, निव्वळ १८.४५ क्विंटल, भाव ७,००० टाकला की १,२९,१५० बरोबर येतात. जिनिंगच्या काट्यावरच्या टॅबवर तेच आकडे टाकले तर निव्वळ वजन नीट दिसतं आणि रकमेच्या जागी एनएएन, म्हणजे "हा आकडा नाही". काट्यावरचा पोरगा म्हणतो, "भाऊ, हे नान कोण आहे? ह्याच्या नावानं पट्टी फाडू का?" निव्वळ वजन मी टू-लोकेल-स्ट्रिंगनं (आकडा भाषेच्या पद्धतीनं लिहून देणाऱ्या फंक्शननं) खान्यात दाखवतो आणि रक्कम काढताना त्याच खान्यातून वाचतो.

---

तर्रीपोहे:

काहून एवढा कुटाणा करून राहिला बाप्पा? एक जेएस फाइल कर, तिन्हीकडं टाक, जेक्वेरीनं बांध. माह्या सोसायटीचं पान आजही तसंच चालू आहे. रिॲक्टच्या ॲपचं काय करायचं ते मात्र मले नको विचारू.

---

बांधावरून:

पऱ्हाटीभाऊ, शॅडो डॉम घेतला कशासाठी? लेखांत पहिल्याच उदाहरणात असतो म्हणून बहुतेक जण घेतात. कस्टम एलिमेंट आणि शॅडो डॉम ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकीला दुसरीची गरज नाही.

शॅडो डॉमचं कामच मुळी आतलं बाहेर आणि बाहेरचं आत जाऊ न देणं. बूटस्ट्रॅपचे क्लास बाहेरच्या स्टाइलशीटमध्ये आहेत, त्यांना आतलं खानं दिसतच नाही. फॉन्ट आणि रंग वारशानं उतरतात, म्हणून तेवढे आले. फॉर्मचंही तसंच, आतली खानी बाहेरच्या फॉर्मची धरली जात नाहीत. त्यावर तोड आहे: एलिमेंटला फॉर्म-असोसिएटेड करायचं, अटॅच-इंटर्नल्स घ्यायचं आणि सेट-फॉर्म-व्हॅल्यूनं स्वतः किंमत द्यायची. पण सफारीत हे १६.४ पासूनच आहे, म्हणजे मार्च २०२३. शिवाय बाहेरचं लेबल आतल्या खान्याला जोडता येत नाही ते वेगळंच.

परक्या साइटवर आपली चकती चिकटवायची असेल तर शॅडो डॉमला तोड नाही. तिन्ही पानं तुमच्याच हातात आहेत, मग भिंत कुणाविरुद्ध? मी असतो तर पीएचपीतून साधा फॉर्म पूर्ण छापला असता, खानी, लेबलं, बूटस्ट्रॅपचे क्लास सगळं, आणि त्याच्याभोवती फक्त तुमचा टॅग गुंडाळला असता. टॅग पानावर आला की कनेक्टेड-कॉलबॅकमध्ये आतली खानी शोधायची आणि हिशेब जोडायचा. नेट अडखळून जेएस उतरलंच नाही तरी फॉर्म जातो, हिशेब सर्व्हरवर होतो. तसाही तो तिथे पुन्हा करायलाच हवा, पैशाचा मामला आहे, ब्राउझरनं पाठवलेली रक्कम जशीच्या तशी धरू नका.

रिॲक्ट १८ अनोळखी टॅगला जे देतो ते सगळं ॲट्रिब्यूट म्हणून, म्हणजे अक्षरं करून देतो. एक तर रेफ (त्या एलिमेंटचा थेट दुवा) घेऊन प्रॉपर्टी स्वतः लावा, नाहीतर १९ वर जा. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या १९ मध्ये एलिमेंटवर त्या नावाची प्रॉपर्टी असेल तर थेट तीच भरली जाते. मात्र रिॲक्टनं आखलेल्या खान्यांच्या आतली रचना तुमच्या टॅगनं उचकटू नये, फक्त वाचावं आणि रकमेच्या खान्यात लिहावं.

तर्रीपोहे म्हणतात ते अर्धं खरं आहे. एक जेएस फाइलच राहील. टॅगचा फायदा एवढाच की पानावर तुकडा नंतर येवो, दोनदा येवो किंवा रिॲक्टनं काढून परत टाको, बांधणी ब्राउझर करतो. जेक्वेरीत ते आठवणीनं करावं लागतं.

---

तर्रीपोहे:

हे पटलं. दोनदा बांधल्या गेलं की दुप्पट हमाली कापते, ते माह्या पानावर झालं आहे.

---

बांधावरून:

एनएएनचं राहिलंच. त्या टॅबची भाषा मराठी ठेवलेली आहे का?

---

पऱ्हाटी:

हो, पोरानंच ठेवली आहे. कीबोर्डही मराठीच.

---

बांधावरून:

मग तेच. टू-लोकेल-स्ट्रिंगला भाषा सांगितली नाही तर तो ब्राउझरची घेतो. लॅपटॉप इंग्रजीत, म्हणून इंग्रजी आकडे. टॅब मराठीत, म्हणून खान्यात देवनागरी १८.४५ उमटलं. दिसायला छान, पण जावास्क्रिप्टचा नंबर फक्त इंग्रजी आकडे ओळखतो, देवनागरी दिले की एनएएन. लॅपटॉपवरही हजाराच्या वर वजन गेलं असतं तर स्वल्पविरामानं हेच झालं असतं.

दाखवायचा आकडा आणि हिशेबाचा आकडा वेगळा ठेवा. निव्वळ वजन एलिमेंटच्या स्वतःच्या प्रॉपर्टीत, खान्यात फक्त दाखवण्यापुरतं. दाखवताना देवनागरीच ठेवा, शेतकऱ्याला वाचायला बरं पडतं. शिवाय पोरगा वजनंच देवनागरीत भरायला लागला तर तिथेही गाडी अडेल. टाइप नंबरऐवजी टेक्स्ट करा, इनपुटमोड डेसिमल द्या, आणि वाचताना आकडे बदलून घ्या. देवनागरी शून्याचा युनिकोड २४०६ आणि नवाचा २४१५, सलग आहेत, त्यामुळे अक्षराच्या कोडमधून २४०६ वजा केले की आकडा हातात. एका ओळीचं काम आहे.

---

पऱ्हाटी:

शॅडो डॉम काढला, फॉर्म पोचतो आहे, बूटस्ट्रॅपही लागलं. एनएएन गेलं. पण आता कनेक्टेड-कॉलबॅकमध्ये खानी सापडत नाहीत, आत काहीच नाही म्हणतो. स्क्रिप्ट हेडमध्ये आहे.

---

बांधावरून:

ब्राउझरनं टॅग उघडल्या उघडल्या कॉलबॅक लागतो, तेव्हा आतली खानी अजून वाचलेलीच नसतात. स्क्रिप्टला डिफर लावा, म्हणजे पान पूर्ण वाचून झाल्यावर चालेल. टाइप मॉड्यूल केलं तरी तेच होतं, पण पान पेन ड्राइव्हवरून थेट फाइल म्हणून उघडणार असाल तर क्रोम मॉड्यूल अडवतो.

---

पऱ्हाटी:

डिफर लावला, लागलं काम. नेट गेलं की काट्यावर पान पेन ड्राइव्हवरूनच उघडतात, म्हणून मॉड्यूल नकोच. तिन्हीकडे टाकून झालं की पूर्ण फाइल इथेच डकवतो, ओलाव्याचा नियम तेवढा कुणीतरी तपासा.