येझदी रोडकिंग (१९८७) घ्यावी की नाही? इंजिन, कागदपत्रे आणि रास्त किंमत याबाबत मदत हवी आहे

नमस्कार. मी कागलला राहतो आणि कोल्हापुरातील एका शाळेत शिकवतो. आमच्या शेजारच्या काकूंकडे त्यांच्या यजमानांची १९८७ सालची येझदी रोडकिंग आहे. काका २०२१ च्या दिवाळीत गेले आणि तेव्हापासून गाडी पडवीत ताडपत्रीखाली उभी आहे. गेल्या महिन्यात जुन्या गाड्यांच्या एका दलालाने काकूंना २२,००० रुपये देऊ केले. त्याच संध्याकाळी त्या आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "तुला हवी असेल तर तू घे, त्या माणसाला द्यायला माझं मन होत नाही." मी सतरा वर्षांचा असताना काकांनी मला याच गाडीवर गिअर टाकायला शिकवले होते. माझे मन आधीच एका बाजूला झुकलेले आहे हे मला ठाऊक आहे आणि म्हणूनच जाणकारांचे मत घेतल्याशिवाय मी काकूंना शब्द दिलेला नाही.

घरून प्रश्न आला, की येझदीच हवी तर नवी का घेत नाही? २०२२ पासून बाजारात आलेल्या नव्या येझदीचे इंजिन ३३४ सीसीचे, फोर-स्ट्रोक आणि पाण्याने थंड होणारे आहे. जुन्या गाडीशी तिचे नाव सोडले तर फारसे काही जुळत नाही. मला हवी आहे ती म्हैसूरच्या कारखान्यात तयार झालेली, २४८.५ सीसीची, एका सिलिंडरला दोन सायलेन्सर असलेली टू-स्ट्रोक गाडी. तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, त्यामुळे सुटे भाग किती दिवस मिळत राहतील ही काळजी मात्र मला आहे. आठवड्यातून एक-दोनदा कागल ते कोल्हापूर, म्हणजे एका बाजूने सुमारे वीस किलोमीटर, एवढाच वापर होईल.

रविवारी ताडपत्री काढून गाडी नीट पाहिली. टाकीला आतून गंज आहे, उजव्या सायलेन्सरला खालच्या बाजूने करंगळी जाईल एवढे भोक पडले आहे आणि कार्बोरेटरच्या वाटीत जुन्या पेट्रोलचा काकवीसारखा चिकट थर बसला आहे. ठिणगीसाठी असलेले जुने पॉइंट काढून काकांनी कधीतरी सीडीआय, म्हणजे इलेक्ट्रॉनिक इग्निशन, बसवून घेतला होता. प्लग काढून भोकावर अंगठा धरला, गिअरचा दांडा आत दाबून वर फिरवला (या गाडीत तोच किकचा दांडा होतो) आणि किक मारली, तेव्हा अंगठा चांगल्या जोराने उचलला गेला. कार्बोरेटर धुऊन, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून प्रयत्न केल्यावर नवव्या किकला गाडी सुरू झाली. पण दोन्ही सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येऊ लागला आणि पाच मिनिटांनंतरही तो कमी झाला नाही. एका मेकॅनिकने फक्त बोरचे काम (सिलिंडर आतून घासून मोठा करून जाड पिस्टन बसवणे) सांगितले, दुसऱ्याने फुल इंजिनचे ३०,००० रुपये सांगितले.

कागदांची स्थिती अशी आहे, की आरसी बुक मूळ आहे पण काकांच्याच नावावर आहे, आणि पासिंग, म्हणजे नोंदणीची मुदत, ऑगस्ट २०२२ मध्ये संपले. गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवून घेता येईल का, असेही एकाने सुचवले. काकूंना एक मुलगा पुण्याला आणि एक मुलगी इचलकरंजीला आहे.

माझी मुख्य अडचण किमतीची आहे. २२,००० देऊन गाडी घरी आणणे मला शोभणार नाही, पण जिव्हाळ्यापोटी न झेपणारा खर्च ओढवून घेणेही योग्य नाही. इंजिनात आणखी काय तपासावे, कागदांचा क्रम कसा ठेवावा आणि दोघांनाही रास्त वाटेल अशी किंमत कोणत्या हिशेबाने ठरवावी, हे कृपया सांगावे.

प्रतिसाद (बेळगावहून)

सर, मी गेली अठरा वर्षे रोडकिंग वापरतो आहे. तुमच्या वर्णनावरून गाडी वाचवण्यासारखी वाटते, पण बोरचे काम सांगणाऱ्या मेकॅनिकचे ऐकू नका. कॉम्प्रेशन, म्हणजे अंगठा उचलणारा दाब, चांगले असताना पांढरा धूर थांबत नसेल, तर पहिला संशय क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याच्या) डाव्या ऑइल सीलवर घ्यावा. त्या बाजूला प्रायमरी चेन, म्हणजे इंजिनाकडून क्लचकडे जाणारी साखळी, गिअर ऑइलमध्ये फिरते. सील कडक होऊन फाटले की इंजिन ते ऑइल क्रँककेसमध्ये (क्रँकभोवतीच्या पेटीत) ओढून जाळते. गिअर ऑइल एका भांड्यात काढून मोजा. ते कमी निघाले आणि गाडीखाली गळतीचा डाग नसेल, तर ऑइल कुठे गेले हे वेगळे सांगायला नको. उजवे सील गेले तर धूर दिसत नाही, पण तिथून हवा आत शिरते, मिश्रणात पेट्रोल कमी पडते, इंजिन तापते आणि चालत्या गाडीचा पिस्टन जाम होतो. त्यामुळे क्रँककेस उघडली की दोन्ही सील आणि बेअरिंगे एकदमच बदलावीत.

हेडही उघडून पाहा. पिस्टनच्या माथ्यावर बहुधा ओव्हरसाइझचा, म्हणजे मूळ मापापेक्षा तो किती जाड आहे याचा, आकडा असतो, त्यावरून ब्लॉकचे (सिलिंडरचे) किती बोर झाले आहेत ते समजते. पिस्टन अगदी वर आणून अंगठ्याने दाबा. टक असा आवाज जाणवला तर कनेक्टिंग रॉडचे काम आहे, आणि मग ३०,००० चा अंदाज जास्त नाही. या गाडीत गिअरचा दांडा दाबताना क्लच आपोआप सुटतो, म्हणून क्लच न ओढताही गिअर पडतो का, हे थांबलेल्या गाडीवर तपासा. सुटे भाग अजून मिळतात, पण नकली मालही खूप आहे. सील आणि पिस्टन रिंग यांत पैसे वाचवू नका. मी पेट्रोलच्या लिटरला ३५ मिली टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचे) ऑइल घालतो. हल्लीच्या पेट्रोलमधले इथेनॉल पाणी धरून ठेवते, म्हणून पेट्रोलचे रबरी पाइप नवे घ्या आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी व वाटी रिकामी करा.

व्हिंटेजचा विचार सोडून द्या. २०२१ च्या नियमाप्रमाणे त्यासाठी गाडीला पन्नास वर्षे पूर्ण व्हावी लागतात, आणि तशी नोंद झाल्यावर ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. तुमचा मार्ग साध्या फेरनोंदणीचा आहे. सर्वांत आधी चासी (गाडीचा सांगाडा) आणि इंजिनावरचे नंबर पेन्सिलने कागदावर छापून आरसी बुकाशी ताडून पाहा. त्यात एका अंकाचा फरक निघाला तरी पुढे जाऊ नका. मग आरटीओत जाऊन या गाडीची संगणकावर नोंद आहे का ते विचारा, कारण हाताने लिहिलेल्या जुन्या पुस्तकांची नोंद आधी चढवून घ्यावी लागते. त्यानंतर नमुना ३१ भरून गाडी काकूंच्या नावावर करावी, त्यासाठी मृत्यूचा दाखला आणि दोन्ही मुलांचे संमतीपत्र लागेल. फेरनोंदणी नमुना २५ वर होते, आणि काकूंकडून तुमच्या नावावर गाडी २९ आणि ३० या नमुन्यांवर येते. वीस वर्षांपुढच्या दुचाकीच्या फेरनोंदणीचे शुल्क २,००० रुपये आहे, उशिराबद्दल दरमहा ३०० रुपये वेगळे. तुमच्या बाबतीत चाळीसहून अधिक महिने झाले आहेत, म्हणजे तेच १२,००० च्या वर जातात. शिवाय पर्यावरण कर, विमा आणि नवी नंबरप्लेट आहे. पीयूसीची धास्ती घेऊ नका. २००० सालापूर्वीच्या टू-स्ट्रोकला कार्बन मोनॉक्साइड साडेचार टक्के आणि हायड्रोकार्बन ९,००० पीपीएम इतकी मोकळीक आहे, सील बदलल्यावर गाडी त्यात बसते.

किमतीसाठी मी उलटा हिशेब करतो. आमच्याकडे चालू आणि कागद पूर्ण असलेली रोडकिंग ९५,००० च्या आसपास जाते. त्यातून इंजिनाचे ३०,०००, सायलेन्सर, टायर व वायरिंगचे १२,००० आणि कागदांचे १६,००० वजा केले की ३७,००० उरतात. हा हिशेब कागदावर मांडून काकूंसमोर ठेवा, म्हणजे संकोच राहणार नाही. मात्र निम्म्याहून अधिक रक्कम गाडी त्यांच्या नावावर झाल्यावरच द्या, कारण मुलांपैकी एकाने जरी नंतर सही नाकारली तरी तुमचे पैसे आणि शेजार दोन्ही अडकतील.

धागाकर्ता

मनापासून आभार. गेल्या दोन दिवसांत तुम्ही सांगितलेले सगळे करून पाहिले. गिअर ऑइल निम्म्याहूनही कमी निघाले आणि पडवीच्या शहाबादी फरशीवर एकही डाग नाही, म्हणजे डाव्या सीलचा तुमचा संशय खरा ठरला. पिस्टनवर ५० चा आकडा आहे, त्यामुळे ब्लॉकमध्ये अजून दोन बोर शिल्लक आहेत. रॉडमध्ये आवाज जाणवला नाही. क्लच न ओढता गिअर पडतो, पण जोर लावावा लागतो. चासी आणि इंजिन, दोन्ही नंबर आरसी बुकाशी तंतोतंत जुळले.

काल हिशेबाचा कागद काकूंना वाचून दाखवला. रॉडचे काम नसल्याने इंजिनाचा खर्च काही हजारांनी कमी होईल, तो फरक त्यांचा, असे मी म्हटले आणि आम्ही ४२,००० ठरवले. त्यांतले १५,००० आता आणि उरलेले त्यांच्या नावावर आरसी झाल्यावर द्यायचे आहेत. मुलगा येत्या शनिवारी पुण्याहून येऊन संमतीपत्रावर सही करणार आहे, मुलीने आजच केली. आरटीओत चौकशी केली तेव्हा गाडीची संगणकावर नोंद नाही असे कळले, त्यामुळे पहिला अर्ज त्यासाठी केला आहे.

आता एवढेच विचारायचे आहे: कागद पूर्ण होईपर्यंत दोन-तीन महिने जातील, तोवर क्रँककेस उघडून सीलचे काम करून घ्यावे, की गाडी आरटीओच्या निरीक्षकांना दाखवून झाल्यावरच इंजिनाला हात लावावा?