शब्दचर्चा : तांड्यावरचं लेकरू ‘नागरिक’ कसं?

बीडहून, प्रश्न

जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. परिपाठात संविधानाची उद्देशिका होते. ‘त्याच्या सर्व नागरिकांस’ हे शब्द लेकरं एका तालात म्हणून जातात. यावेळी थांबून अर्थ सांगायला घेतला, तर चौथीतली एक मुलगी म्हणाली, “बाई, नगरात राहतो त्यो नागरिक ना? मंग आपण तांड्यावर राहणारे कोण?”

प्रश्न अगदी रास्त आहे. ‘गावात राहतो तो नागरिक’ असं सांगून वेळ मारून नेता आली असती. पण माझ्या वर्गातली कितीतरी लेकरं दिवाळीच्या सुमारास आई-बापांबरोबर ऊसतोडीला जातात आणि कारखान्याचा पट्टा पडल्यावरच, म्हणजे गाळपाचा हंगाम संपल्यावरच परत येतात. त्या व्याख्येत ती अर्धं वर्ष बसणारच नाहीत. दुसरं म्हणजे, २६ जानेवारीच्या प्रत्येक भाषणात त्यांना ‘तुम्ही उद्याचे नागरिक’ म्हटलं जातं. मला ते टोचतं. या दोन्ही गोष्टींवर जाणकारांनी लिहावं.

नांदेडहून

बाई, मुलीचा तर्क पक्का आहे. संस्कृतात नागरिक म्हणजे नगरात राहणारा, आणि त्यावरून चतुर, रसिक असाही अर्थ झाला. त्याच्या विरुद्ध टोकाला ‘ग्राम्य’ बसला. मराठीत ग्राम्य म्हणजे असभ्य, ही छटा त्याच भेदातून आली आहे. खेड्यातल्या मुलांवर हा शब्दकोशातला अन्यायच आहे, आणि तो त्यांना मोकळेपणाने सांगायला हरकत नाही.

राज्यव्यवहारात मात्र या शब्दाला निराळा अर्थ दिला गेला : ज्याचं देशाशी कायद्याचं नातं आहे तो. जुना अर्थ ‘नागरी वस्ती’, ‘नागरी भाग’ यांत शिल्लक आहे, नवा ‘नागरी हक्क’मध्ये. विशेषण एकच, अर्थ दोन, म्हणून घोळ होतो. नागरिकत्वाची कलमं संविधानात ५ ते ११ आहेत, कायदा १९५५ चा आहे. माणूस शहरातला की खेड्यातला, याला तिथे काहीच महत्त्व नाही. मुलांना एवढंच सांगा, की या शब्दाचं माहेर नगरात असलं तरी आता तो अख्ख्या देशात नांदतो.

लहानांसाठी व्याख्या हवी असेल तर मी ‘देशाचा हक्काचा माणूस’ अशी करीन. ‘हक्काचा माणूस’ म्हणजे काय, हे घराघरांतल्या लेकरांना कळतं. ज्याला आपल्याकडे मागता येतं आणि ज्याच्याकडे आपल्याला मागता येतं, तो. हक्क आणि कर्तव्य दोन्ही त्यात आले.

परभणीहून

‘हक्काचा माणूस’ आवडला. मराठवाड्यातल्या लेकरांना त्याच्या आधीचा शब्दही सांगायला हवा, तो म्हणजे रयत. माझे वडील निजामाच्या राज्यात जन्मले. त्या राज्यात तालुक्याला तहसीलदार, जिल्ह्याला अव्वल तालुकदार, गावात माली पाटील, पोलीस पाटील आणि पटवारी होते, आणि या सगळ्यांच्या खाली होती ती रयत. शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. त्याच्या मुळाशी चारणं, राखणं हा अर्थ आहे. राखणदाराने राखलेला कळप, ती रयत.

हैदराबाद संस्थानात आणखी एक शब्द होता, मुल्की, म्हणजे त्या मुलखातला, स्थानिक. सरकारी नोकरी हवी तर मुल्की असावं लागे. जन्माने मुल्की नसेल त्याला तिथे १५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागे. जुन्या माणसांच्या तोंडी ‘मुल्की-गैरमुल्की’ हे शब्द अजून सापडतात. पण मुल्की ठरला तरी माणूस रयतच राहायचा. राज्य कोणी करायचं, हे त्याला कोणी विचारत नव्हतं.

१७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं, २६ जानेवारी १९५० ला संविधान लागू झालं, आणि १९५२ ला इथल्या माणसांनी हैदराबाद राज्याच्या विधानसभेसाठी मत टाकलं. माझ्या आजीसारख्या निरक्षर बाईचं मत जहागीरदाराच्या मताएवढंच धरलं गेलं. ‘रयतेचा नागरिक झाला’ म्हणजे काय, ते याहून सोपं करून सांगता येत नाही. मुक्तिसंग्राम दिनी शाळेत झेंडा लावताना हे तीन शब्द फळ्यावर लिहून मुलांशी बोला : रयत, मुल्की, नागरिक.

धाराशिवहून

काका, रयत शब्द एवढा खाली ढकलू नका. शिवाजी महाराजांना आपण ‘रयतेचा राजा’ म्हणतो तेव्हा त्यात केवढी माया असते! कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ ला संस्था काढली, तिचंही नाव ‘रयत’च ठेवलं. आणि प्रजा शब्द नको म्हणाल तर मग ‘प्रजासत्ताक दिना’चं काय करायचं?

परभणीहून

माया आहेच, ती मुलांपर्यंत पोचलीच पाहिजे. महाराज थोर होते म्हणून रयत सुखी होती. पण राजा वाईट निघाला तर रयतेच्या हाती काय उरत होतं? नागरिकाच्या हाती पाच वर्षांनी मत असतं आणि मधल्या काळात ग्रामसभा असते. फरक तिथे आहे. ‘प्रजासत्ताक’मध्ये प्रजा आहे हे खरं, पण शेजारी सत्ता आहे. सत्ताच प्रजेची झाली, की ती राजाची प्रजा उरत नाही.

लातूरहून

मी ग्रामपंचायतीत काम करतो, गावातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी माझ्याकडे असतात. बाईंच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो.

आमच्या गावची लेकरं शाळेतून कार्यालय बघायला आली होती. जुनं जन्म-नोंद रजिस्टर काढून एका मुलाला त्याची ओळ दाखवली. जन्मतारीख, आईचं नाव, वडिलांचं नाव एका शाईत होतं आणि त्याचं स्वतःचं नाव दुसऱ्या शाईत, वेगळ्या अक्षरात. त्याने बोट ठेवून विचारलं, “माझं नाव मागून कामून लिवलं?” तेव्हा सांगितलं, की तू जन्मलास तेव्हा बारसं व्हायचं होतं. नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते, नाव मागाहून भरता येतं. म्हणजे नाव मिळायच्या आधीच सरकारदरबारी तुझी दखल घेतली गेली होती. सगळी लेकरं मग आपापली ओळ शोधायला लागली.

ही नोंद म्हणजे नागरिकत्वाचं प्रमाणपत्र नव्हे, तो मुद्दा वेगळा. पण भारतीय आई-बापाचं लेकरू जन्मतःच भारताचं नागरिक असतं. त्याला अठराव्या वर्षापर्यंत थांबावं लागतं ते मतदार व्हायला. तेही आधी २१ होतं, ६१ व्या घटनादुरुस्तीने १९८९ ला १८ झालं. ग्रामसभेचे सभासद गावच्या मतदार यादीवरून ठरतात, म्हणून लेकरं तिथे हात वर करू शकत नाहीत. तेव्हा ‘उद्याचे मतदार’ म्हणा, ते बरोबर आहे. ‘उद्याचे नागरिक’ हे मात्र साफ चूक.

जालन्याहून

मोठ्यांना ‘ज्येष्ठ नागरिक’ म्हणतो, मग लहानांना ‘बालनागरिक’ का नको?

नांदेडहून

शब्द बनवायला अवघड नाही, पण मला त्याची गरज दिसत नाही. ज्येष्ठ नागरिकाला सवलत द्यायची असते, म्हणून वय आधी लावावं लागतं. मुलांच्या बाबतीत ‘बाल’ लावलं, की ऐकणाऱ्याला नागरिकपण लुटुपुटीचं वाटतं. एसटीत १२ वर्षांपर्यंत अर्धं तिकीट असतं, नागरिकत्व अर्धं नसतं.

बीडहून

सगळ्यांचे आभार. आता माझ्यापुरता हिशेब असा लागला. ‘रहिवासी’ शब्द बाजूला काढला, कारण तो घराच्या पत्त्याला बांधलेला आहे. लेकरू पौष महिन्यात उसाच्या फडातल्या कोपीवर, म्हणजे झोपडीत असो की चैत्रात तांड्यावर, रहिवासाचं ठिकाण बदलतं, नागरिकपण बदलत नाही. ६ ते १४ वयाच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क देणारा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. म्हणून कारखान्याजवळच्या शाळेनेही त्याला बसवून घेतलंच पाहिजे. स्थलांतर करणाऱ्या मुलांबरोबर आम्ही शिक्षण हमी कार्ड देतो, ते मी आजवर फक्त पालकांच्या हाती ठेवत होते. आता ते देताना लेकरालाही समोर उभं करून सांगते, “तिथल्या गुरुजींना हे दाखव. तू या देशाचं हक्काचं माणूस आहेस.” हक्क हातात धरता येतो, हे चौथीतल्या मुलाला कळतं, कलमाचा आकडा पाठ करून ते कळणार नाही.

लातूरच्या भाऊसाहेबांना एक विनंती. ग्रामसभेच्या आधी बालसभा घ्या. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात, ते कुठे गेले हा प्रश्न लेकरांनी स्वतः विचारू द्या.

लातूरहून

घेतो, बाई. नोटिशीचा मसुदा असा केलाय : ‘गावातील अठरा वर्षांखालील सर्व नागरिकांस कळविण्यात येते की, ग्रामसभेपूर्वी शाळेच्या पटांगणात बालसभा होईल. गेल्या वर्षीचा महिला व बालकल्याणाचा खर्च वाचून दाखविला जाईल. प्रश्न विचारावेत.’ ‘कळविण्यात येते’ ऐवजी लेकरांना समजेल असं काही सुचत असेल तर सांगा, छापायच्या आधी बदलतो.

नांदेडहून

‘सर्व नागरिकांनो, बालसभेला या’ एवढं पुरे. खालचं ‘प्रश्न विचारावेत’ हे वाक्य मात्र आहे तसंच ठेवा, आणि नोटीस लेकरांचा डोळा पोचेल एवढ्या उंचीवर लावा.