टॉवेलच्या सुतासाठी केलेलं एन्झाइम: आधी पेपर की आधी कंपनी?

पूर्वभागातली_लेक
नमस्कार. मी सोलापुरात पीएचडीच्या शेवटच्या वर्षाला आहे. वडील पंचवीस वर्षं अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचं सूत रंगवतात. ब्लीचनंतरचं पेरॉक्साइड सुतात राहिलं तर रंग बिघडतो, म्हणून तीन-तीन धुण्या. कॅटलेज नावाचं एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) त्या पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करतं, पण वडील वापरतात ते ब्लीचच्या गरम अल्कलीत निकामी होतं; आधी बाथ, म्हणजे टाकीतलं द्रावण, थंड करून ॲसिड घालावं लागतं. एका जिवाणूच्या कॅटलेज-जनुकात बदल करत, बदललेल्या हजारो नमुन्यांवर (क्लोनवर) पेरॉक्साइड टाकून फेस बघत मी एक कॅटलेज मिळवलंय. ७० अंशांना, पीएच १० ला, म्हणजे चांगल्याच अल्कलीत, अर्धा तास टिकतं. धुण्या कमी झाल्या तर पाणी वाचेल; आमच्या नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं हो. हे काम प्रबंधात पडून राहू नये. पुढच्या महिन्यात परिषदेत माझं पोस्टर आहे, गाईड म्हणतात आधी पेपर. कंपनी काढायची तर सुरुवात कुठून?

पेटंटवाला_पुणे
ताई, पोस्टर थांबवा. पेटंटच्या अर्जाआधी शोध जाहीर केला तर पेटंट हातचं जाऊ शकतं. अमेरिकेत स्वतःच्या प्रकाशनानंतर वर्षभराची सवलत मिळते, आपल्याकडे तशी सरसकट नाही. पेटंटचा प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज करा, मग पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात. पेपर त्यानंतर खुशाल छापा. शोध बहुधा विद्यापीठाच्या मालकीचा ठरेल, तेव्हा तो वापरायच्या परवान्याचं (लायसन्सचं) आत्ताच लेखी बोला. आणि मूळ जिवाणू कुठला? इथल्याच मातीतला-पाण्यातला असेल तर २००२ च्या जैवविविधता कायद्याचंही बघावं लागेल.

एन्झाइम_प्लांट
बायरॅक या जैवतंत्रज्ञानाला मदत करणाऱ्या सरकारी संस्थेच्या बिग योजनेत १८ महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. पुण्यात एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारातल्या व्हेंचर सेंटरला भेटा, ते नव्या कंपन्यांना मदत करतात. फर्मेंटर (जिवाणू वाढवून एन्झाइम काढायची टाकी) विकत घेऊ नका, सुरुवातीला दुसऱ्याच्या प्लांटमध्ये बॅच काढा. कापडाच्या एन्झाइमला औषधाइतकी शुद्धता लागत नाही, खर्च तिथेच वाचतो.

रंगमास्तर
पोरी, गिऱ्हाइकाला एन्झाइमच्या किलोचा भाव सांगू नकोस. एका लॉटमागे पाणी, वाफ आणि वेळ किती वाचला ते दाखव. चाचणी फिरोजी शेडवर घे, पेरॉक्साइड उरलं तर तिथे लगेच कळतं.

पूर्वभागातली_लेक
पोस्टर मागे घेतलं. जिवाणू डायहाऊसच्या (रंगाईच्या कारखान्याच्या) नाल्यातलाच आहे, गाईडना आजच सांगितलं. ते विद्यापीठाशी बोलतायत. मास्तर, अर्ज दाखल झाला की वडिलांच्या मालकांकडे वीस किलोचा फिरोजी लॉट लावते. धुण्याचं पाणी मोजून इथेच लिहीन.